प्रत, पाठ आणि पर्याय : सांस्कृतिक प्रतिकृतीच्या परिभाषेचा एक ऐतिहासिक विचार

१

परतूरच्या तहसील कचेरीत जमिनीच्या कागदाची नक्कल मागणाऱ्या शेतकऱ्याला 'नक्कल' या शब्दात काही कमीपणा जाणवत नाही. अस्सल कागद दप्तरात राहतो आणि त्याबरहुकूम उतरवलेला, सहीशिक्क्याने खरा ठरवलेला कागद त्याच्या हाती येतो. त्याच गावातल्या शाळेच्या संमेलनात एखादा मुलगा पुढाऱ्याच्या बोलण्याची नक्कल करतो तेव्हा श्रोते हसतात. तिथे तंतोतंतपणापेक्षा थोडी अतिशयोक्तीच अपेक्षित असते. आणि एका कवीने दुसऱ्याची नक्कल केली असे समीक्षक लिहितो तेव्हा तो दोषारोप असतो. पहिल्या वापरात सारखेपणा हे मूल्य आहे, दुसऱ्यात ते साधन आहे, तिसऱ्यात तो दोष आहे. अरबी-फार्सीतून मराठी दप्तरात स्थिरावलेल्या या शब्दाच्या मुळाशी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा अर्थ आहे. काय न्यायचे, कसे न्यायचे आणि नेताना किती बदल चालेल, याविषयी मूळ शब्द काहीच सांगत नाही. ते प्रसंगावरून समजते. म्हणून व्यवहारात अडत नाही. अभ्यासात मात्र प्रसंग मागे पडतो आणि शब्द तेवढा उरतो.

संस्कृतीतील एखादी गोष्ट एका माणसाकडून दुसऱ्याकडे, एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाते आणि जाताना काही प्रमाणात तीच राहते, या घटनेला प्रस्तुत निबंधात 'सांस्कृतिक प्रतिकृती' असे म्हटले आहे. या घटनेविषयी बोलताना मराठी समीक्षेत व लोकसाहित्यविचारात 'परंपरा', 'अनुकरण', 'संक्रमण', 'रूपांतर', 'पाठांतर', 'पाठभेद' हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. हा सैलपणा निरुपद्रवी नाही. कोणाचे कार्य निर्मिती म्हणून मोजायचे आणि कोणाचे चूक म्हणून, याचा निर्णय तो पुष्कळदा पुराव्याची तपासणी होण्यापूर्वीच करून टाकतो. हे दाखवण्यासाठी मराठवाड्यातल्या गोदावरी-दुधनेच्या पट्ट्यातील प्रतिकृतीच्या तीन रीती येथे तपासल्या आहेत : पोथी उतरवून घेणे, पोथी शुद्ध करणे आणि जात्यावर ओवी गाणे. तत्पूर्वी, परिभाषा निश्चित न झाल्याने एका संपूर्ण विद्याशाखेचे काय झाले, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

२

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये 'द सेल्फिश जीन' या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात 'मीम' ही संज्ञा घडवली. अनुकरणवाचक ग्रीक शब्दाचा संक्षेप करून त्यांनी तिला 'जीन'शी उच्चारसाम्य दिले. सुरावटी, कल्पना, लोकांच्या तोंडी बसलेले वाक्प्रयोग, कपड्यांच्या तऱ्हा, मडकी घडवण्याच्या आणि कमानी बांधण्याच्या पद्धती अशी उदाहरणे त्यांनी दिली आणि टिकून राहणाऱ्या प्रतिकृतीचे तीन गुण सांगितले : दीर्घायुष्य, बहुप्रसवता व प्रतिनिष्ठा. ही उदाहरणे सजातीय नाहीत, हे चटकन लक्षात येत नाही. सुरावट कानाला ऐकू येते, कल्पना मनात असते, मडके घडवण्याची पद्धत हातात असते आणि मडके या तिन्हींहून वेगळे, ओट्यावर ठेवलेले असते. या सर्वांना एक नाम दिल्याने त्यांचा एक वर्ग असल्याचा भास झाला.

पुढील वाद बव्हंशी या भासातून निघाला. १९८२ मध्ये 'दि एक्स्टेंडेड फिनोटाइप'मध्ये डॉकिन्स यांनीच आपली व्याख्या आवळली : मीम म्हणजे मेंदूत वसणारी माहिती, आणि बाहेर दिसणारे वर्तन व वस्तू हे तिचे परिणाम. डेरेक गॅदरर यांनी १९९८ मध्ये नेमके उलट प्रतिपादन केले; मनातले मोजता येत नाही, तेव्हा निरीक्षणात येणारे वर्तन आणि वस्तू यांनाच मीम म्हणावे, असे त्यांचे म्हणणे होते. सुसान ब्लॅकमोर यांनी १९९९ मध्ये मोलाचा भेद केला : तयार वस्तू पाहून तिची प्रतिकृती करणे वेगळे आणि ती करण्याची कृती शिकून पुन्हा करणे वेगळे. मानवशास्त्रज्ञ डॅन स्पर्बर यांनी १९९६ मध्ये मूळ गृहीतावरच बोट ठेवले होते. एका मनातली गोष्ट दुसऱ्या मनात जाते तेव्हा ती सहसा उतरवली जात नाही, नव्याने रचली जाते; सारखेपणा दिसतो तो रचणाऱ्या मनांच्या समान कलामुळे, असा त्यांचा युक्तिवाद होता. या अभ्यासासाठी १९९७ मध्ये सुरू झालेले स्वतंत्र नियतकालिक २००५ मध्ये बंद पडले. जीन-मीम साधर्म्याने नवे स्पष्टीकरण दिले नाही, असा निर्वाळा ब्रूस एडमंड्स यांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकात दिला. तथ्यांविषयीचे वाटणारे बरेचसे मतभेद एकच नाम भिन्न पदार्थांना लावल्यामुळे उद्भवले होते. आज मराठीत 'मीम' म्हणजे भ्रमणध्वनीवर फिरणारे ओळींसकटचे विनोदी चित्र. त्याची गंमत बदलण्यातच असते आणि प्रतिनिष्ठेची तिथे फारशी मातब्बरी नाही.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. मिल्मन पॅरी यांनी १९३० मध्ये होमरच्या काव्यासंबंधी 'फॉर्म्युला'ची व्याख्या केली : एखादी मूलभूत कल्पना व्यक्त करण्यासाठी समान छंदःस्थितीत नियमाने योजला जाणारा शब्दसमूह. कोणताही शब्दसमूह घेऊन तो या व्याख्येत बसतो की नाही, हे दुसऱ्या अभ्यासकाला तपासता येते. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये कूर्ग समाजावरील ग्रंथात 'संस्कृतीकरण' ही संज्ञा वापरली, तीत कोण, कोणाचे, कशाचे अनुकरण करतो हे सांगितलेले होते. म्हणूनच तिच्यावर आक्षेप घेता आले, आणि आदर्श जात ब्राह्मणच असेल असे नाही, अशी दुरुस्ती श्रीनिवास यांना स्वतःच करता आली. संज्ञा कोठे चुकते हे दाखवता येण्याइतकी ती स्पष्ट असावी, एवढीच तिच्याकडून किमान अपेक्षा आहे.

३

जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव परतूरपासून दूर नाही. हा सारा टापू १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता; परतूर तालुका पुढे परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९८१ रोजी नव्या जालना जिल्ह्यात आला. १६०८ मध्ये जांबेस जन्मलेल्या रामदासांच्या दासबोधात, 'शिकवण' या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात, लेखनक्रियेचे निरूपण आहे. सांस्कृतिक प्रतिकृतीच्या अभ्यासकाने हा समास परिभाषेच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

त्यात सांगितलेल्या गोष्टी थोडक्यात अशा : पान शिशाने आखून घ्यावे. ओळींमधले अंतर कमीजास्त होऊ देऊ नये. काने, मात्रा, वेलांट्या नीट असाव्यात आणि एका ओळीची मात्रा दुसऱ्या ओळीत घुसू नये. पहिल्या अक्षराचे जे वळण, जो काळेपणा, टाकाचा जो ठोसरपणा, तोच शेवटच्या अक्षरापर्यंत राहावा; सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही. मध्यम अक्षर काढावे. कडेने जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. शोधूनही चूक सापडू नये. आणि ग्रंथ असा लिहावा की पाहणाऱ्याला हेवा वाटावा, लिहिणाऱ्याला भेटावेसे वाटावे.

डॉकिन्स यांचे तिन्ही गुण येथे आहेत. समास आणि मध्यम अक्षर ही दीर्घायुष्याची तजवीज आहे, पाहणाऱ्याचा हेवा ही बहुप्रसवतेची आणि सापडू न शकणारी चूक ही प्रतिनिष्ठेची. मात्र हे साम्य दाखवून थांबले तर केवळ जुन्या ग्रंथात नवे शास्त्र शोधल्याचे समाधान मिळेल. समासाचे खरे महत्त्व त्यात उघड होणाऱ्या एका भेदात आहे. अक्षराच्या वळणाची निष्ठा आणि शब्दांची निष्ठा या दोन वेगळ्या निष्ठा आहेत. वळणाची निष्ठा ही आदर्श प्रतीशी नाही, लेखनिकाच्या स्वतःच्याच पहिल्या अक्षराशी आहे. आदर्श प्रत कुरूप असली तरी नवी सुरेख असावी, अशीच येथे अपेक्षा आहे. शब्दांची निष्ठा मात्र आदर्शाशी आहे. म्हणजे 'ही प्रत निष्ठावान आहे' हे विधान अपुरे आहे. कशाच्या बाबतीत, कोणाशी आणि कोणत्या कसोटीने, ही तीन स्थाने भरल्याशिवाय 'प्रतिनिष्ठा' या संज्ञेला अर्थ येत नाही.

दुसरा भेद ब्लॅकमोर यांच्या भेदाशी जुळतो. दासबोधाची प्रत करणारा लेखनिक एकोणिसाव्या दशकाशी येतो तेव्हा प्रत कशी करावी याच्या सूचनाच तो उतरवत असतो. ते शब्द उतरले म्हणजे ती शिस्त उतरली असे नाही. गिचमिड अक्षरात, ओळी एकमेकींवर चढवूनही हा समास शब्दशः अचूक लिहिता येतो. आणि उलट, ज्याने हा समास कधी वाचला नाही असा मुलगा गुरूसमोर पुस्ती गिरवून ती शिस्त पूर्णपणे आत्मसात करू शकतो. कृतीचे संक्रमण आणि विधीचे संक्रमण यांचे मार्ग वेगळे असतात. एकाच्या पुराव्याने दुसरे सिद्ध करता येत नाही.

कल्याणस्वामींच्या हातची मानली जाणारी डोमगावची प्रत प्रमाण धरून धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दासबोध छापला. 'दासबोध' हे नाव मात्र विसांहून अधिक समासांच्या जुन्या, आटोपशीर रचनेलाही आहे आणि वीस दशके व दोनशे समासांच्या ग्रंथालाही आहे. म्हणून नावाचे सातत्य पाठाच्या सातत्याचा पुरावा होऊ शकत नाही. हे उघड वाटते, पण परंपरेविषयीच्या लेखनात नावाच्या आधारे सातत्य गृहीत धरण्याची सवय आजही आढळते.

४

हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक पुष्कळदा एक संस्कृत श्लोक लिहीत. जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष माझा नाही, असा त्याचा भाव आहे. या भूमिकेत आदर्शातील चूक उतरवणे हीच निष्ठा ठरते. लेखनिकाचे आणि शोधकाचे कर्तव्य येथे एकमेकांपासून दूर होते. शोधकाच्या हाती हरताळ असतो. नको असलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून ते पुसण्याची रीत पोथीलेखनातली आहे आणि 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला आहे.

पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रचलित पाठ लोकांच्या हातून बिघडले आहेत, असे त्यांना दिसत होते. ग्रंथशुद्धीनंतर त्यांनी ताकीदही दिली : यापुढे कोणी पाठात आपली ओवी घालील तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. ही ताकीद प्रतिकृतीच्या इतिहासात महत्त्वाची आहे, कारण ती तोवर काय चालत होते याची साक्ष देते. भर घालणे ही एक रूढ रीत होती, म्हणूनच तिला मनाई करावी लागली. एकनाथांची प्रत ही शब्दांच्या कसोटीने तिच्या लगतच्या आदर्शांशी जाणूनबुजून अनिष्ठ आहे. ती निष्ठा राखते ती अनुमानाने सिद्ध केलेल्या, समोर नसलेल्या मूळ पाठाशी. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून वेगळी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली तेव्हा उठलेला वाद या दोन निष्ठांमधला होता. 'अस्सल ज्ञानेश्वरी कोणती' या एका प्रश्नात 'सर्वांत जुनी प्रत कोणती' आणि 'मूळ पाठ कोणता' हे दोन प्रश्न मिसळलेले आहेत. सर्वांत जुनी प्रत भ्रष्ट असू शकते आणि उशिराच्या प्रतीत जुना पाठ टिकलेला असू शकतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने हे भेद शास्त्रीय पातळीवर नेले. आदिपर्वाला १९३३ मध्ये जोडलेल्या प्रस्तावनेत वि. सी. सुकथनकर यांनी प्रतींचे गट, वाचना आणि प्रतींमधली परस्परमिश्रणे यांचे विवेचन केले, आणि एका मूळ प्रतीपासून फांद्या फुटत गेल्याचे युरोपीय पाठचिकित्सेचे चित्र महाभारताला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे स्पष्ट केले. लेखनिकासमोर एकाहून अधिक पोथ्या असत, आणि त्याच्या कानांत पोथीबाहेरचे महाभारतही असे.

महानुभाव परंपरेतील लीळाचरित्राचे उदाहरण याही पुढचे आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेली मूळ प्रत नष्ट झाली आणि पुढच्या मंडळींनी ती आठवणीतून पुन्हा लिहिली, असे परंपरा सांगते. त्यामुळे भिन्न पाठ निर्माण झाले, वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या आवृत्तीपर्यंतच्या संपादकांना त्यांच्याशीच झगडावे लागले. महानुभावांनी अशा भिन्न नोंदींना 'वासना' म्हटले आणि अभ्यासकांच्या लेखनात त्यावरून 'वासनाभेद' हा शब्द रूढ झाला. डोळ्यांच्या किंवा हाताच्या चुकीने पडलेला फरक आणि भिन्न स्मरणांतून आलेला फरक हे सारखे नाहीत, ही जाणीव या स्वतंत्र शब्दात आहे. आधुनिक मराठी लोकसाहित्यविचाराने ती उचलली असती तर पुढील गोंधळ टळला असता.

५

जात्यावरच्या ओवीला पोथी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून ओव्या टिपल्या. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. ओवीचा साचा सर्वांना परिचित आहे : दोन ओळी, मध्ये विराम, 'बाई', 'सखे', 'माझ्या बंधवा' अशी संबोधने आणि बदलत्या नामांच्या जागा. समजा, परतूरच्या एखाद्या बाईच्या ओवीत दुधना नदी आली; तिची लेक गोदाकाठच्या गावी नांदायला गेली की त्याच जागी गोदावरी येईल, थोरल्या भावाच्या जागी धाकटा येईल. संग्राहक दोन्ही टिपतो, अभ्यासक दोन्ही समोरासमोर ठेवतो आणि त्यांना 'पाठभेद' म्हणतो.

या एका शब्दाने पुष्कळ काही गृहीत धरले जाते. पाठभेद म्हणायचा तर एक पाठ हवा. पाठ हवा तर त्याचा आदर्श हवा. लेकीसमोर आदर्श प्रत नव्हती. तिने आईचे शब्द उतरवून घेतले नाहीत. ओवी रचण्याची रीत ती दळता दळता शिकली आणि त्या रीतीने आपल्या नदीला, आपल्या भावाला ओवीत आणले. हे विधीचे संक्रमण आहे. त्याला कृतीच्या संक्रमणाची संज्ञा लावली की आई लेखिका ठरते आणि लेक चुकणारी लेखनिक ठरते. किंबहुना आईही कोणा अज्ञात 'मूळ' ओवीची चुकणारी लेखनिक ठरते, कारण तिच्याही मागे कोणी असणारच.

ही गोष्ट केवळ सूक्ष्मतेची नाही. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे या प्रकल्पात स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या गायल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. इतर ओव्यांत ज्या आवाहनाच्या जागी राम किंवा विठ्ठल येतो, तिथे या ओव्यांत बाबासाहेब येतात. यांना विठ्ठलाच्या ओवीचे पाठभेद म्हटले तर विठ्ठल मूळ आणि बाबासाहेब नंतरची बदली, असा क्रम संज्ञेतच शिरतो. विठ्ठलाची ओवी कालदृष्ट्या आधीची असेलही, पण ती या ओवीचा आदर्श होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्या स्त्रियांना धर्म बदलताना आपला देव निवडता आला, त्यांना ओवी गाताना केवळ एका शब्दाची अदलाबदल करणाऱ्या ठरवणे हा परिभाषेने केलेला अन्याय आहे.

ए. के. रामानुजन यांनी रामकथांवरील, १९९१ मध्ये पुस्तकरूपाने संकलित झालेल्या निबंधात हीच अडचण ओळखली होती. 'आवृत्ती' किंवा 'पाठभेद' अशा अर्थाच्या रूढ संज्ञा न बदलणारे मूळ सूचित करतात, म्हणून 'कथन' या अर्थाची संज्ञा त्यांनी पसंत केली. २०११ मध्ये तो निबंध दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढण्यात आला. त्या वेळच्या वादाची अनेक कारणे होती. पण एका रामायणाला मूळ आणि इतरांना त्याच्या बिघडलेल्या प्रती मानण्याची सवय किती खोल आहे, हे त्यातून दिसले. अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये युगोस्लाव्हियातील गायकांविषयी हेच म्हटले होते की त्यांच्या दृष्टीने प्रत्येक गायन मूळच असते.

६

वरील विवेचनावरून पुढील परिभाषा सुचवता येते. 'प्रत' म्हणजे दुसरी लिखित वस्तू समोर ठेवून केलेली लिखित वस्तू. समोरची ती 'आदर्श'. 'पाठ' म्हणजे एका किंवा अनेक प्रतींत आढळणारा शब्दक्रम. तो वस्तू नाही, प्रतींवरून केलेले अनुमान आहे. 'पाठभेद' ही संज्ञा आदर्श उपलब्ध असेल किंवा सबळ पुराव्याने अनुमित असेल तेथेच वापरावी. एक निश्चित रचना स्मरणाने पुढे गेली आणि स्मरणातच भिन्न झाली, तर तेथे 'वासनाभेद' हा परंपरेतलाच शब्द घ्यावा. जेथे रचना जात नाही, रचण्याची रीत जाते, तेथे ती रीत म्हणजे 'विधी' आणि तिच्यातून उपजणाऱ्या सदृश रचना म्हणजे परस्परांचे 'पर्याय'. पर्यायांत ज्येष्ठ-कनिष्ठ क्रम नाही; काळाचा क्रम असलाच तर तो वेगळ्या पुराव्याने दाखवावा. 'प्रतिनिष्ठा' हा शब्द कशाची, कोणाशी व कोणत्या कसोटीने, हे सांगितल्याशिवाय वापरू नये.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्यक्षात हे प्रकार मिसळतात. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या संग्रहित केल्या. ते पुस्तक वाचून कोणी ओवी पाठ केली आणि एक शब्द बदलला, तर तिला पर्याय म्हणायचे की पाठभेद? उत्तर अवघड नाही. तिच्यासमोर छापील आदर्श होता, म्हणून तो पाठभेद किंवा, ती आठवणीतून गात असेल तर, वासनाभेद. तीच ओवी जात्यावर शिकलेल्या बाईने तशीच गायली तर तो पर्याय. या संज्ञा रचनेच्या प्रकाराला लावायच्या नसून संक्रमणाच्या मार्गाला लावायच्या आहेत. म्हणून एकाच ओवीला दोन प्रसंगी दोन संज्ञा लागणे हा दोष मानण्याचे कारण नाही. मार्ग अज्ञात असेल तर तसे नमूद करावे आणि 'सदृश रचना' एवढेच म्हणावे.

याचा परिणाम क्षेत्रीय अभ्यासावर व्हायला हवा. ओवी टिपताना शब्दांबरोबर ती कोणाकडून, कोणते काम करताना, ऐकून की वाचून शिकली, याची नोंद केली नाही तर वरीलपैकी कोणतीही संज्ञा नंतर लावता येणार नाही. घरोघरची जाती गिरण्यांमुळे थांबली त्याला बराच काळ लोटला आहे. जात्यावर बसून ओवी शिकलेल्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. परतूर-मंठ्याच्या गावांत आज ओवी विचारायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला शब्द उद्याही एखाद्या संग्रहात सापडतील, पण ते कोणत्या वाटेने आले हे सांगणारी बाई तेव्हा असेलच असे नाही. 'ही तुला कोणी शिकवली?' हा प्रश्न म्हणूनच ओवीच्या आधी विचारला पाहिजे.